दार तोडू नये, अण्णाला फोन करावा

सकाळी साडेआठच्या सुमाराला फोन आला. नंबर अनोळखी, आवाज बाईचा. "जळकोटचे वेल्डिंगवाले अण्णा का? तेरवरनं बोलतेय. तुमच्या बहिणीच्या गाडीचं दार उघडंना. दारावर तुमचा नंबर हाय." मला बहीण नाही. पण दारावर माझा नंबर रंगवलेली गाडी जगात एकच होती, म्हणून मी उलटं काही विचारलं नाही. नुस्तं म्हणालो, "हाका मारल्या का?" ती म्हणाली, "तासभर मारतोय. ब्लाऊज न्यायला आलोय आमी. आत पंखा चालू हाय, आवाज येतोय, पर ताई बोलंनात..." मी पिकअपमध्ये गॅसच्या टाक्या टाकल्या, कटर टाकला, घन टाकला. माझी बायको महानंदा शेजारी येऊन बसली. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव आणि मग तेर.

गाडी तेरणा नदीच्या अंगाला एका चिंचेखाली उभी होती. भोवती बाया, पोलीस पाटील, दोन पोलीस. दारावर गाडीवाल्या सुलूताईनं स्वतःच्या हातानं, लाल रंगात, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "दार तोडू नये. अण्णाला फोन करावा." खाली माझा नंबर. लोकांनी ते ऐकलं होतं, दाराला कुणी हात लावला नव्हता. तो दरवाजा मीच केलेला, दुहेरी पत्र्याचा, आतून जाड सळईची कडी. कुठं कापायचं हे मला डोळे मिटून ठाऊक, तरी पाऊण तास लागला. पत्रा कापताना धूर आत जात होता. मला सारखं वाटत होतं की आता ही आतून ओरडेल, परत आग लावली का म्हणून. शेवटी कडी तुटली, पण दार अडकलं, तर मी घन घेतला आणि माझ्याच कामावर सात-आठ घाव घातले. बाया रडायला लागल्या. आत सुलूताई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. डॉक्टर पुढं म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच. ज्या बाईला जन्मभर कुणी धड झोपू दिलं नाही, ती झोपेत गेली.

ह्याला आता दीड महिना होईल. ह्या पुरवणीच्या संपादकांच्या घराचं गेट मी केलंय. ते म्हणाले, अण्णा, तुम्हीच लिहा. मी म्हणालो, मी दहावी शिकलेला माणूस, नाकावर राग, मला गोडगोड लिहिता यायचं नाही. ते म्हणाले, जसं आहे तसं लिहा. तर जसं आहे तसं लिहितो. वाचून माझ्याबद्दल कुणाचं मत वाईट झालं तर ते बरोबरच होईल.

सुलूताईला मी पहिल्यांदा पाहिलं ते नऊ वर्षांमागं. माझं दुकान हायवेला लागून. तिनं शाळेची जुनी पिवळी मिनीबस रस्त्यावरनं सरळ आत घातली आणि माझ्या अँगलच्या ढिगाला ठोकली. मी शिव्या देतच धावलो. ड्रायव्हरच्या दारातनं चाळिशीची एक बाई उतरली, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. त्याच हातानं गिअर टाकत आली होती. तिच्या वडिलांची काळी-पिवळी जीप होती, तिच्यावर ती गाडी शिकलेली. मी विचारलं, "बाई, डोळे फुटले का?" ती म्हणाली, "डोळे शाबूत हायत. हात मोडलाय. नवऱ्यानं मुसळ घातलं. ह्या गाडीत मला घर करून देता का, न्हायतर दुसरं दुकान बघते." असं बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मी तिला स्टूल दिलं.

मग कळलं ते असं. माहेर अणदूरच्या बाजूला एका वस्तीवर. वडील गेले आणि ते घर भावाचं झालं. सासरी लेकरू होईना म्हणून पंधरा वर्षं मार खाल्ला. नवरा तिला केसाला धरून अंगणात काढायचा आणि मग आतून दार लावून घ्यायचा, ही पावसात बाहेर. शेवटी भाड्याच्या खोलीत राहिली, तर तो तिथं येऊन दारावर दगड घालायचा, मालकानं खोली सोडायला लावली. त्याचं नाव मी ह्या लेखात लिहिणार नाही, तेवढी त्याची लायकी नाही. ती म्हणाली, "तीन घरातनं काढलं मला अण्णा. आता घर माज्या बुडाखाली पायजे. कुणी जा म्हणलं की चावी फिरवायची." एवढंच तिला हवं होतं. ज्यातून तिला कुणी काढू शकणार नाही असं एक दार.

लोक घर बांधतात आणि मग राहायला जातात. ही राहता राहता बांधत होती. पहिल्या दिवसापासून गाडीतच मुक्काम. अर्ध्या सीटा तशाच, त्यातल्या दोन सीटांच्या मध्ये सतरंजी. प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिनं माझ्याकडं घन मागितला आणि गंजलेल्या सीटा स्वतः तोडायला घेतल्या. मी तीस वर्षं लोखंडावर घाव घालतोय, पण असे घाव बघितले नव्हते. पत्रा किंचाळत होता आणि ही दात आवळून मारत होती, हाताला फोड आले, ते फुटले, दांड्याला रक्त लागलं, तरी थांबेना. शेवटची सीट बाहेर फेकली आणि मोकळ्या तळावर बसून ढसाढसा रडली. मी चहा सांगितला. मला दुसरं काय सुचणार...

नंतर हळूहळू गाडीचं घर झालं. खिडकीशी शिलाई मशीन, कारण तेच तिचं पोट होतं. दिवसा भिंतीला उभी राहणारी आणि झोपताना खाली पडणारी फळी. छतावर पाण्याची टाकी आणि सोलरची पाटी. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची न्हाणी, उभं राहून अंघोळ करावी इतकीच. ओट्यावरनं आमचं चार दिवस भांडण चाललं. तिला शहाबादी फरशी हवी, मी म्हणत होतो वजनानं गाडी एका अंगाला झुकेल. "झुकू द्या की, मी दुसऱ्या अंगाला बसते," म्हणाली. फरशीच बसवली, आणि गाडी झुकलीच. ह्या सगळ्याच्या मध्येच ती फिरायलाही लागली होती. एका गावात दोन आठवडे थांबायचं, बायांचे ब्लाऊज, पोरींचे फ्रॉक शिवायचे, मग पुढचं गाव. परत आली की नवं काहीतरी. इथं फडताळ करा, तिथं हूक लावा, छत गळतंय. पुण्याकडचं एक जोडपं त्यांच्या गुळगुळीत कॅम्पर गाडीतनं उतरून हिचे फोटो काढायला लागलं. विचारलं, किती दिवसांची टूर आहे? सुलूताई म्हणाली, "मरस्तोवरची."

दार सगळ्यात शेवटी केलं, तोवर पडदाच होता. आणि त्या दारात माझा गुन्हा आहे. आमच्या धंद्यात गाडीचं मागचं दार म्हणजे माल आत आणि माणूस बाहेर. टेम्पोचा हौदा बांधला की कडी-कोयंडा बाहेरून. आयुष्यभर हाताला तेच वळण. मी विचार न करता हिच्याही बाजूच्या दाराला कडी-कोयंडा बाहेरून ठोकला. तिनं दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, आत माणूस ऱ्हाणार हाय, ज्वारीची पोती न्हाईत. कडी आतनं पायजे." मी म्हणालो, चुकलं, उद्या लावतो.

तो उद्या आला नाही. त्याच दुपारी महानंदा माझा डबा घेऊन आली. एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला मी गेट चार दिवसांत देतो म्हणालो होतो. महानंदा सहज बोलून गेली की आठ दिवस तरी लागतील, पत्राच आला नाही अजून. खरंच होतं ते. पण चारचौघांत बोलली म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तिच्या तोंडात मारली. पहिल्यांदा नव्हतं. डबा पडला, भाजी मातीत. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलं, जशी सगळी बसतात. सुलूताई गाडीतनं उतरली. माझाच घन उचलला, शांतपणे माझ्या नव्या मोटरसायकलपाशी गेली आणि तीन घाव घातले. दिवा, मीटर, टाकी. पेट्रोल भळाभळा वाहायला लागलं. म्हणाली, "आपली वस्तू कुणी मोडली की कसं वाटतं, कळलं का?" मग महानंदाकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाई. चुकलं माजं. ही वस्तू न्हाई."

मी तिच्यावर पहार घेऊन धावलो. महानंदा मध्ये पडली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. मी ओरडलो, "काढ तुझी गाडी इथनं." अहो-जाहो सगळं गेलं. ती स्टिअरिंगवर बसली, इंजिन चालू केलं आणि खिडकीतनं एवढंच विचारलं, "आन् कडी?" मी म्हणालो, "दोरी बांध."

दोरी बांध. हे दोन शब्द माझ्या तोंडातनं गेले आहेत. ते मी रोज ऐकतो.

तीन महिन्यांनी वैशाखातली भर दुपार. आमच्याच तालुक्यातल्या एका गावाबाहेर, पडक रानात, तिची गाडी उभी होती. ती आत मशीनवर. दार नुस्तं लोटलेलं, आतून दोरी. नवरा आणि त्याचा एक साथीदार कॅन घेऊन आले. त्यांना काही फोडावं लागलं नाही, काही तोडावं लागलं नाही. मी ठोकलेली कडी त्यानं मी ठोकलेल्या कोयंड्यात घातली आणि त्यात पाना अडकवला. मग डिझेल ओतलं, आधी ड्रायव्हरच्या केबिनवर, आणि काडी लावली. तिनं मला पुढं सांगितलं, "आधी वाटलं कुणीतरी गाडी धुतंय." मग धूर. तिनं दाराला लाथा घातल्या, खांदा घातला, दार हललं नाही, कारण काम चांगलं केलं होतं मी. पडदे पेटले, शिवायला आलेली कापडं पेटली, केस पेटले. तिनं मशीनचं लोखंडी डोकं फळीवरनं उपसलं, छातीशी धरलं आणि मागच्या काचेवर घातलं. काचेतनं बाहेर पडली. हातात कापडाची मोठी कात्री होती, कशी राहिली तिलाही ठाऊक नाही. तो बघत उभा होता, हसत होता म्हणे. तिनं ती कात्री त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली, बाहेर ओढली, आणि परत घातली.

तोवर रानातनं माणसं पळत आली. आणि त्यांनी तिला धरलं. त्याला नाही, तिला. केसातनं धूर निघतोय, अंगात काचा, आणि चार गड्यांनी तिचे हात मागं पिळून धरलेले, की बाई, नवरा हाय तुजा, मरंल की. हे सांगताना सुलूताई कधी रडली नाही, पण तिचे डोळे असे व्हायचे की समोर उभं राहावंसं वाटायचं नाही. केस झाली. तो काही दिवस आत राहिला, जामिनावर सुटला, साक्षीदार फिरले. चोराच्या उलट्या बोंबा, त्यानं तिच्यावरच उलटी केस केली. तिच्याकडनं त्याला मिळालं ते एकच, लंगडा पाय.

दवाखान्यातनं सुटल्यावर तिनं ती काळी गाडी ट्रॅक्टरनं ओढत कुठं आणावी? माझ्या दुकानात. दुसरीकडं गेली असती तर मला बरं वाटलं असतं. उतरली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, भुवया नाहीत. म्हणाली, "कडी लावायची ऱ्हाईली होती." मी तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. ते माझ्यानं झालं नाही. मी ग्राइंडर चालू केला आणि बाहेरची कडी, कोयंडा, हँडल, सगळं कापून काढलं, पत्रा घासून सपाट केला, हात लावायला काही शिल्लक ठेवलं नाही. ग्राइंडरच्या आवाजात रडता येतं, कुणाला ऐकू जात नाही.

मग नवं दार. मागच्या काचेच्या जागी आतूनच उघडणारी झडप, खिडक्यांना गज, ड्रायव्हरच्या केबिनला मधली फळी आणि तिलाही आतून खिट्टी. बाहेर जायचं तर केबिनच्या दारानं, किल्ली लावून. दाराची कडी मी सळईची केली, मनगटाएवढी नाही पण अंगठ्याहून जाड, ती कोयंड्यात पडली की खण्ण असा आवाज यायचा. सगळं झाल्यावर ती आत गेली, कडी टाकली आणि आतनं म्हणाली, "आता उघडा." मी खांदा घातला. पहार घातली. घन घातला. रस्त्यावरची माणसं बघायला थांबली. मी घामाघूम झालो आणि आतून सुलूताईचं हसू ऐकू आलं, मोठ्यांदा, पोट धरून हसणारं. ती हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं दारावर ती पाटी रंगवली. मी म्हणालो, माझा नंबर कशाला? ती म्हणाली, "हे दार मोडायची अक्कल एकट्या तुमच्याकडं हाय. तुमी मोडणार न्हाई, तेवढं मला म्हाईत हाय."

त्यानंतर तिनं जिल्हा पालथा घातला. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत गाडी लावायची, मुरूम-उमरग्याकडं कानडी बायांशी कानडीत घासाघीस करायची. राग तसाच. जत्रेत एका दारुड्यानं गजातनं हात घातला तर तिनं त्याच्या पंजावर तापलेली इस्त्री ठेवली, आणि मग स्वतःच बर्फ आणायला पळाली. वर्षातनं दोनदा आमच्याकडं यायची. पत्र्याला भोक, टाकीला गळती, काही ना काही निघायचंच. जेवायला बसली की महानंदाला माझ्या देखत विचारायची, "हात उचलतात का अजून?" महानंदा म्हणायची, "न्हाई ताई." हे खोटं होतं. आगीनंतर मी दोनदा उचललाय. सुलूताई भाकरी मोडता मोडता माझ्याकडं बघायची. मला वाटतं, तिला कळायचं.

तेरहून तिला जळकोटला आणली, कारण भाऊ म्हणाला आमच्या दारात नको, सासरचे येतील, राडा होईल. आणि सासरचे जळकोटला आले. स्मशानात सरण रचलं होतं, आणि तो लंगडत आला, मागं चार माणसं, हातात हिरवी साडी आणि चुडा. दोन म्हाताऱ्या म्हणाल्यासुद्धा, "नशिबाची गं, सवाशीण गेली." रीत असते ना, नवऱ्याच्या आधी गेली की हिरवं नेसवायचं, मळवट भरायचा आणि नवऱ्यानं अग्नी द्यायचा. त्यानं गवताची चूड पेटवली. मी म्हणालो, "तू एकदा लावलीस हिला आग. दुसऱ्यांदा न्हाई," आणि त्याच्या नरड्याला धरून त्याला खाली घातला. तोंडावर बुक्क्या घातल्या, दात लागून माझी बोटं फुटली. आणि माणसं धावली, आणि त्यांनी मला धरलं. हात मागं पिळून. तेव्हा मला सुलूताईचे ते डोळे पहिल्यांदा समजले.

सगळा गलका माझ्या आणि त्याच्याभोवती. पेटती चूड मातीत पडली होती. महानंदानं ती उचलली. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात, अग्नी कसा देतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं हिरवी साडी बाजूला फेकली, सरणाला एक फेरी मारली आणि चूड पायाशी लावली. गडीमाणसांना कळलं तोवर सरण धडधडत होतं. ती ज्वाळांच्या इतकी जवळ उभी होती की पदर तापला असेल, पण मागं सरली नाही. तो तोंडातलं रक्त पुसत बघत राहिला. मग लंगडत निघून गेला.

गाडी आता दुकानामागं उभी आहे, दाराच्या जागी भगदाड. तुटलेल्या कडीचे दोन तुकडे मी फडक्यात गुंडाळून आणले होते. दहाव्यानंतर महानंदा म्हणाली, "त्या कडीचं काय करणार तुमी?" मी म्हणालो, आठवण म्हणून ठेवीन. ती म्हणाली, "जोडून द्या. आपल्या खोलीला लावा. आतनं." मी तिच्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली वस्तू असेल. मी तुकडे जोडले, घासले, खोलीच्या दाराला आतून बसवले आणि बाहेरची जुनी कडी कापून टाकली. तिनं एकदा टाकून बघितली. खण्ण.

मागच्या आठवड्यात गिऱ्हाईक आलं होतं. महानंदानं त्याला परत खरं ते सांगितलं, गेट चार दिवसांत होत नाही. गिऱ्हाईक गेलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठलो. माझा हात कुठवर गेला होता ते मी लिहिणार नाही, ते तिला आणि मला माहीत आहे. ती घरात गेली, खोलीत गेली, आणि कडी पडल्याचा आवाज आला. मी दारापाशी गेलो. कटर अंगणात होता, टाक्या भरलेल्या होत्या. ही कडी कुठं कापायची हे ह्या जिल्ह्यात माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही. मी बाहेर पायरीवर बसलो, आणि तिनं कडी काढेपर्यंत बसून राहिलो.